रात्र थोडी, सोंगं फार: सकाळी आखलेला दिवस दुपारपर्यंतही का टिकत नाही?

अर्धविराम
मंडळी, प्रश्न जुनाच आहे. पण काल माझीच वही चाळली आणि लाज वाटली, म्हणून धागा काढतेय.

मी घरून भाषांतराचं काम करते. रोज यादी लिहिते. कालची अशी होती: सात ते साडेसात व्यायाम, आठ ते अकरा अहवालाची दहा पानं, मग अर्धा तास मेलना उत्तरं, साडेअकरा ते एक आणखी पाच पानं, दुपारी विम्याचा फॉर्म, लेकीचा शाळेचा प्रकल्प, कपाट आवरणं, संध्याकाळी फिरायला जाणं, रात्री वाचन आणि अशीच आणखी किडूकमिडूक. सगळी मिळून चौदा कामं. झाली चार. त्यातलं एक 'यादी करणे' हेच होतं, तेही मी झाल्यावर लिहून खोडलं.

आठला बसायचं ते साडेआठला बसले. पहिल्याच पानावर एक संज्ञा अडली, ती शोधता शोधता पाऊण तास गेला. मग फोन, मग दारावरची बेल. साडेअकराला घड्याळ बघितलं तेव्हा जेमतेम साडेतीन पानं झाली होती. मग 'आजचा दिवस गेलाच आहे, उद्यापासून नीट' असं म्हणून उरलेला दिवसही घालवला. मला खुपतं ते हे. उशीर सगळ्यांनाच होतो, पण उशीर झाला की मी सगळंच सोडून देते.

तर तुम्ही दिवस कसा आखता? आणि विस्कटला की परत रुळावर कसा आणता? ॲपांची नावं नकोत. तीन आहेत. तिन्ही दिवसभर आठवण करतात आणि मी तिघांनाही 'नंतर' म्हणते.

आळशीराम
चांगला धागा. उद्या सविस्तर प्रतिसाद देतो.

गोगलगाय
आळशीराम, तुमचं मागच्या धाग्यावरचं 'उद्या' अजून यायचंय.

काटेकोर
स्पष्ट लिहितो, राग नसावा. हा नियोजनाचा प्रश्नच नाही, शिस्तीचा आहे. आठला बसायचं ठरलं की आठला बसायचं. फोन बंद, खोलीचं दार बंद. मी गेली अठरा वर्षं पहाटे पाचला उठतो, आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाची पंधरा-पंधरा मिनिटांची आखणी करतो आणि ती पाळतो. सुरुवातीला जड जातं, एकवीस दिवसांत अंगवळणी पडतं. 'उद्यापासून' हा शब्द डोक्यातून काढून टाका, निम्मं काम झालं.

गोगलगाय
काटेकोर, अठरा वर्षांबद्दल आदर आहेच, पण एक विचारू? तुमच्या खोलीचं दार बंद असताना घराच्या दाराची बेल वाजली, तर ते कोण उघडतं?

दार लावून बसता येणं ही शिस्त नाही हो, सोय आहे. माझ्याकडे सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, मुलाचं 'आई, निळा मोजा एकच सापडतोय', आणि मध्येच ऑफिसचा 'पाच मिनिटं आहेत का?' असा मेसेज. हे तुमच्या पंधरा मिनिटांच्या चौकोनांत कुठे बसवू? माझ्या एका तासाचे पाच तुकडे होतात. आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला 'मी कुठे होते बरं' यात वेळ जातो तो वेगळाच.

काटेकोर
घरच्यांना एकदा नीट सांगून ठेवावं लागतं.

गोगलगाय
सांगून ठेवलंय. आता दार वाजवून विचारतात, 'तू कामात आहेस का?'

टिंब
हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे तर दार न वाजवता विचारतात.

उंटावरचा शहाणा
उंटावरून थोडे शेळ्या हाकतो.

अर्धविराम, तुमच्या यादीत आळस कुठेच दिसत नाही, चुकलेला अंदाज दिसतो. याला मानसशास्त्रात नाव आहे. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये 'प्लॅनिंग फॅलसी' म्हणजे नियोजनातला भ्रम मांडला. काम किती वेळ घेईल हे ठरवताना आपण सगळं सुरळीत गेलेलं चित्र डोळ्यांपुढे आणतो. असंच काम मागच्या खेपेला किती वेळ खाऊन गेलं होतं, ते आठवत असूनही हिशोबात धरत नाही.

१९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी हे विद्यार्थ्यांवर तपासलं. प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असं विचारल्यावर सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळं वाईटात वाईट घडलं तर? तेव्हा सुमारे ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ च्या वर दिवस लागले. म्हणजे 'काहीही झालं तरी इतक्यात नक्की' असं आपण म्हणतो तेही कमीच असतं! त्यांना आणखी एक गंमत आढळली. हा भ्रम स्वतःच्या कामापुरताच असतो, दुसऱ्याला किती वेळ लागेल हे सांगताना आपण इतके आशावादी नसतो.

मोठमोठ्यांचीही यातून सुटका नाही. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये पुरं व्हायचं होतं, उघडलं १९७३ मध्ये. तुमची साडेतीन पानं त्यामानाने वेळेतच म्हणायची. (गंमत केली, हलकेच घ्या.)

तेव्हा आधी तीन दिवस काही आखू नका. जे कराल ते घड्याळ लावून नुसतं टिपा. दर पानाला खरी किती मिनिटं लागतात हे तरी कळू द्या.

काटेकोर
म्हणजे तीन दिवस आणखी गेले.

उंटावरचा शहाणा
तसेही जाणारच होते, साहेब.

शेवटचा बाक
मी परीक्षेच्या तयारीला पोमोडोरो वापरतो. २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी, असे चार झाले की मोठी सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिकत असताना शोधलेली पद्धत. त्याच्याकडचं टायमर टोमॅटोच्या आकाराचं होतं, म्हणून हे नाव.

अडचण एकच. २५ मिनिटांनी टायमर वाजतो ते ऐकू येतं. ५ मिनिटांनी वाजतो ते येत नाही.

टिंब
+१. माझी पाच मिनिटं काल पाऊण तासाची झाली. मोबाईल हातात घेतला की 'सुट्टी' या शब्दाची व्याख्याच बदलते. आता सुट्टीत मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून नुसती खिडकीशी उभी राहते. इतकं कंटाळवाणं आहे की पाच मिनिटांत आपण होऊन परत बसते.

निवृत्त
तुम्हा तरुणांना वाटतं, वेळ मिळाला की सगळं होईल. माझ्याकडे या आणि बघा. चार वर्षं झाली निवृत्त होऊन, अख्खा दिवस मोकळा. नोकरीत असताना वीज बिल, पत्र, दुरुस्ती असली कामं ऑफिसला निघता निघता उरकायचो. आता एका पत्राला सकाळ लागते. आधी चष्मा, मग पेन, मग 'आता जेवूनच लिहू'. नमनालाच घडाभर तेल.

नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात लिहिलं होतं, की जितका वेळ असेल तितकं काम फुगतं. त्यात त्यांनी भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवणाऱ्या आजीबाईंचं उदाहरण दिलं आहे. वाचून हसलो होतो तेव्हा. आता ती आजी मीच.

माझ्यापुरता उपाय असा की कामाला मुद्दाम शेपूट लावून ठेवतो. अकराला शेजारच्या गृहस्थांबरोबर बुद्धिबळ ठरलेलं. ते बरोबर अकराला येतात आणि पट मांडायला लागतात. पत्र त्याआधी लिहून होतं म्हणजे होतंच.

रातकिडा
मला काटेकोर यांच्या पहाटे पाचबद्दल बोलायचंय. काही माणसं रात्रीचीच असतात. मी पाचला उठलो तर नऊपर्यंत फक्त उठलेला असतो. माझं डोकं रात्री दहानंतर चालतं, म्हणून अवघड काम तेव्हा आणि सकाळी डोकं न लागणारी कामं. कुणी आळशी म्हणालं तर म्हणू दे.

यादी मात्र झोपताना करावी, याला माझा पाठिंबा. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला बसवलं होतं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी करायची. करायची लिहिणाऱ्यांना सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. डोक्यातलं कागदावर उतरलं की डोकं पहारा सोडतं.

निवांत प्राणी
अवांतर: घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावण्याचा कुणाला फायदा झालाय का?

टिंब
नाही. ते पुढे आहे हे माहीत असतं. वजाबाकी मात्र सुधारली.

शेवटचा बाक
आमच्याकडे बाबांनी दहा मिनिटं पुढे केलं, आईने न सांगता आणखी पाच. आता खरी वेळ फक्त मोबाईलला माहीत आहे.

निवृत्त
आमचं पंधरा मिनिटं मागे आहे. सेल बदलायचा आहे. यादीत आहे.

निवांत प्राणी
:D

सुईदोरा
धाग्यावर परत येऊ या. काटेकोर, ते एकवीस दिवसांचं तेवढं खरं नाही. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननी १९६० मध्ये लिहून ठेवलेल्या निरीक्षणात आहे. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं ते म्हणाले होते. पुढे 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला तेव्हा सवय मुरायला साधारण ६६ दिवस लागतात असा आकडा निघाला, पण माणसामाणसांत फरक १८ ते २५४ दिवसांचा! अर्धविरामच्या कामाची गोष्ट पुढे आहे. एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही, असंही त्यांना दिसलं. तेव्हा 'दिवस गेलाच आहे' हे खरं नसतं.

गोगलगाय, 'मी कुठे होते बरं' याबद्दल. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की पहिल्याचा गाळ मनात उरतो. मी शिवणकाम करते. उठायच्या आधी कापडाला चिठ्ठी टाचते: 'डावी बाही, घडी घालून शिवायची'. पाच शब्द पुरतात. परत आल्यावर हात आपोआप डाव्या बाहीकडे जातो.

गोगलगाय
सुईदोरा, हे आजच करून बघितलं. बेल वाजली तेव्हा दाराकडे जाता जाता तळहातावर लिहिलं. चालतंय!

काटेकोर
एकवीसबद्दल सुधारणा मान्य. शिस्तीबद्दल नाही.

रात्रपाळी
मी नर्स आहे. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते.

आमच्याकडे 'आठ ते अकरा हे काम' असं काही नसतं. ड्युटीवर आलं की मी एका कागदाची उभी घडी घालते. डावीकडे पेशंटचे बेड नंबर, उजवीकडे वेळा. ज्याला वेळ पाळावीच लागते, म्हणजे औषधं, इंजेक्शन, तपासणीला पाठवणं, तेवढंच वेळेसमोर लिहायचं. बाकीचं खाली, बिनवेळेचं. पहिल्या तासातच कुणाला तरी धाप लागते, कुणी नवीन दाखल होतं आणि खालचं सगळं सरकतं. सरकणारच, म्हणून तर ते खाली लिहिलेलं असतं. तुमच्या यादीत सगळीच कामं इंजेक्शनसारखी लिहिली आहेत, ताई. कपाट आवरायला वेळ कशाला द्यायची?

दुसरं, तुमचा खरा प्रश्न. पाळी संपताना आम्ही हँडओव्हर देतो. बेडजवळ उभं राहून पुढच्या सिस्टरला सांगायचं: हे झालं, हे राहिलं, हे आधी बघ. राहिलं म्हणून कुणी 'आता उद्यापासून नीट' म्हणत नाही. पुढची पाळी राहिलेलं उचलते. मी घरीही तसंच करते. दुपारी एक वाजला की सकाळची पाळी संपली. नवा कागद घ्यायचा, त्यावर राहिलेल्यातलं फक्त जे दुपारी होईल तेच उतरवायचं. सकाळच्या कागदाची घडी घालून ठेवून द्यायची. सकाळच्या सिस्टरने काय गोंधळ घातला ते दुपारच्या सिस्टरने उगाळत बसायचं नाही. त्या दोघी मीच असले तरी.

उंटावरचा शहाणा
रात्रपाळी, उंटावरून उतरून नमस्कार. मी एवढे आकडे फेकले, पण कामाचं तुम्ही सांगितलंत.

टिंब
'दुपारच्या सिस्टरने उगाळायचं नाही' हे फ्रिजवर चिकटवतेय.

काटेकोर
नवा कागद घेणं पटलं. पण रोज दुपारी नवा कागद मिळणार हे माहीत असेल तर सकाळची पाळी ढिली पडेल, ही माझी शंका. पळवाटेला हमरस्ता होऊ देऊ नये.

रात्रपाळी
पडते कधीकधी, खोटं कशाला बोलू. म्हणून हँडओव्हर मोठ्याने द्यायचा. 'सकाळी काहीच केलं नाही' हे स्वतःशी मोठ्याने तीन दिवस म्हटलं की चौथ्या दिवशी जरा लाज वाटते.

आळशीराम
माझ्या तिन्ही पाळ्या एकमेकींना हँडओव्हरच देत असतात. काम कुणीच करत नाही.

अर्धविराम
सहा दिवसांनी येतेय, माफी. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा.

शहाणे यांचं ऐकून तीन दिवस नुसतं टिपलं. फळ असं: माझं एक पान सरासरी २६ मिनिटांत होतं. मी गृहीत धरत होते १८. म्हणजे ज्या पंधरा पानांसाठी साडेचार तास ठेवत होते, त्यांना साडेसहा तास लागतात, तेही बेल वाजली नाही तर! कित्येक महिने मी रोज दोन तास उधार घेऊन बसत होते आणि दुपारी स्वतःला आळशी म्हणत होते. मेलचा अर्धा तास प्रत्यक्षात सत्तर मिनिटांचा, कारण तो अकरा वेळा उघडून मिळून होतो.

मग रात्रपाळीताईंची घडी. वेळेसमोर फक्त तीन गोष्टी: लेकीची बस, क्लायंटचा फोन, पानं पाठवायची वेळ. बाकी सगळं खाली. दुपारी एकला नवा कागद. पहिल्या दिवशी हँडओव्हर मोठ्याने दिला, तर लेक बाहेरून विचारते, 'कुणाशी बोलतेस?'

काटेकोर, तुमचंही थोडं घेतलंय. पहिला तास फोन दुसऱ्या खोलीत. बेलचं मात्र काही करता आलेलं नाही.

काटेकोर
साडेसहा तासांचं काम साडेचारात होत नाही, हे शिस्तीने बदलणार नाही. एवढं मान्य. दाराबाबत इकडेही एक गोष्ट झाली. गोगलगाय यांचा प्रश्न घरी वाचून दाखवला. बायको म्हणाली, 'अठरा वर्षांनी विचारलंत.'

गोगलगाय
:) मग आता कोण उघडतं?

काटेकोर
सकाळी सात ते आठ मी. आखणीत घातलंय.

शेवटचा बाक
पंधरा मिनिटांचे चार चौकोन. लोल.

सुईदोरा
अर्धविराम, आता झाली किती ते सांगा. चौदापैकी चारच का अजून?

अर्धविराम
तेच सांगायला आले होते, विसरले.

शहाणे म्हणाले होते ना, की दुसऱ्याच्या कामाचा अंदाज माणूस बरा लावतो? म्हणून परवा रात्री यादी लेकीपुढे ठेवली. बारा वर्षांची आहे. म्हटलं, यातलं उद्या काय काय होईल, खूण कर. तिने पेन्सिल घेतली, चष्मा नसताना नाकावर चष्मा सारखा केला आणि नऊपैकी पाचांवर टिक केली. कपाटावर फुली. मी म्हटलं, कपाट का नाही? म्हणाली, 'ते तू मागच्या महिन्यापासून लिहितेस.'

काल पाच झाली. तीच पाच.

उंटावरचा शहाणा
तिला माझी यादी दाखवाल का?

निवृत्त
माझीही. सेलचं आधी विचारा.

आळशीराम
सविस्तर प्रतिसाद लिहायला घेतला होता. तेवढ्यात धागा संपत आला.